अंगावरून पांढरे जाणे : निदान कसे होते?



‘अंगावरून पांढरे जाते’ हे शब्द ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्री सहसा मोठ्याने उच्चारीत नाही. दवाखान्यात ती कंबरदुखीची किंवा अशक्तपणाची तक्रार सांगते. मूळ दुखणे उंबरठ्याआडच राहते. ते किती जणींना असते, याची खरी कल्पना वैद्यकशास्त्रालाही फार काळ नव्हती. नोंद होई ती रुग्णालयात आलेल्या स्त्रियांची. घरी दुखणे सोसणाऱ्या स्त्रीची गणती कोण करणार?

ही गणती गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत झाली. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता. दर स्त्रीमागे अशा रोगांची सरासरी ३.६ भरली. त्यांतील निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया मात्र शेकडा ८ होत्या. दोन गावांचे आकडे साऱ्या राज्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत हे खरे. पण त्यातील एक गोष्ट सर्वत्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शेकडा ४५ स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. तेव्हा या गप्प स्त्रियांपैकीही बहुतेकींना रोग होता, हे उघड आहे.

उलटपक्षी, प्रत्येक स्राव हा रोग नव्हे. दोन पाळ्यांच्या मध्यास किंवा गरोदरपणी पांढरट, वास नसलेला स्राव वाढतो. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे हितकारक जंतू असतात. ते तेथील आम्लता राखतात आणि आम्लता इतर जंतूंना रोखते. ही व्यवस्था बिघडली की संसर्ग होतो. आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुण्याची सवय याच व्यवस्थेला मारक ठरते. स्वच्छतेच्या नावाखाली केलेला हा अतिरेक टाळलेला बरा.

संसर्ग मुख्यतः तीन प्रकारचे. दह्याच्या कवड्यांसारखा स्राव आणि असह्य खाज असेल तर बुरशीचा संशय येतो. मधुमेहात, गरोदरपणी किंवा प्रतिजैविके घेतल्यावर ही बुरशी बळावते. तिच्यावरून कोणाच्या शीलाबद्दल शंका घेण्याचे काहीही कारण नाही. पातळ, करडा, मासळीसारख्या वासाचा स्राव हितकारक जंतू घटून इतर जंतू माजल्याचे दर्शवितो. गरोदर स्त्रीला या विकारात वेळेपूर्वी प्रसूतीचा धोका वाढतो. पिवळसर-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा असू शकतो. हा शरीरसंबंधातून पसरतो. पुरुषाला बहुधा काहीच त्रास होत नाही. पण पतीनेही त्याच वेळी औषध घेतले नाही तर पत्नीला तो पुन्हा होतो.

वर्णनावरून मात्र अंदाजच बांधता येतो. पुष्कळदा लक्षणे एकमेकांत मिसळतात, दोन संसर्ग एकत्रही नांदतात. म्हणून तपासणी हवी, आणि ती सोपी आहे. डॉक्टर योनिमार्गाची व गर्भाशयमुखाची पाहणी करून कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेतात. प्रथम तो रंग बदलणाऱ्या कागदावर लावून आम्लता पाहतात. निरोगी अवस्थेत पीएच सुमारे ३.८ ते ४.५ असतो. बुरशीत तो सहसा तसाच राहतो. उरलेल्या दोन्ही संसर्गांत तो ४.५ च्या वर जातो. नंतर एका काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसरीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. पहिलीवर सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारा ट्रायकोमोनास दिसतो, किंवा कडेपर्यंत जंतूंनी माखलेल्या पेशी दिसतात. दुसरीवर पेशी विरघळून बुरशीचे तंतू उघडे पडतात. मासळीचा वास उसळला तर तीही खूणच. करडा स्राव, वाढलेला पीएच, हा वास आणि माखलेल्या पेशी या चारांपैकी तीन खुणा जुळल्या की दुसऱ्या प्रकारचे निदान पक्के होते. ही कसोटी १९८३ पासून रूढ आहे. ट्रायकोमोनास थंड होताच निपचित पडतो व नजरेतून निसटतो. यास्तव काचपट्टी लगेच पाहावी लागते.

सूक्ष्मदर्शक नसेल तेथे लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आहे. निरुपायाने ती उपयोगी पडते, पण तीत निरोगी स्त्रीला नाहक गोळ्या मिळतात आणि लक्षणे नसलेली स्त्री वगळली जाते. दुकानातून परस्पर मलम आणण्यात तर निदानच नाही.

तपासणीस पाळी संपल्यावर जावे. रक्तामुळे पीएच बदलतो. आदल्या दिवसापासून आतून धुऊ नये, शरीरसंबंध ठेवू नये, योनीत औषध घालू नये. लाज वाटल्यास सोबत आशाताईला किंवा आरोग्य सेविकेला न्यावे. ओटीपोटात दुखून ताप येणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, यांपैकी काही आढळल्यास पाळीची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालय गाठावे. तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या दृष्टीनेही तपासून घ्यावे.