जुन्या बंदुकांची निगा

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. या सुमारास महाराष्ट्रांतील कित्येक जुन्या घरांत भिंतीवरची तलवार, कोपऱ्यांतील ठासणीची बंदूक, क्वचित् एखादें पिस्तूल खालीं उतरतें. घरांतील एखादा उत्साही तरुण विटेची भुकटी किंवा कांचकागद घेऊन बसतो आणि संध्याकाळपर्यंत बंदुकीची नळी आरशासारखी लखलखीत करून सर्वांस दाखवितो. पूजेच्या वेळीं तिच्यावर हळदकुंकू वाहिलें जातें, पाणी शिंपडलें जातें, झेंडूचीं फुलें ठेविलीं जातात. आणि दसरा संपला म्हणजे ती तशीच ओलसर पुन्हां आपल्या कोपऱ्यांत जाते. पुढच्या वर्षीं तिच्यावर तांबूस गंज चढलेला असतो, आणि पुन्हां विटेची भुकटी निघते. हा क्रम पन्नास वर्षें चालला, तर पूजेसाठीं शेवटीं काय उरेल? एक गुळगुळीत लोखंडी नळी. जिच्यावर ना अक्षर, ना वेलबुट्टी, ना सालाचा आंकडा.

गंज हा लोखंडाचा शत्रु खरा. पण अविचारी सफाई हा त्याहून चपळ शत्रु आहे. गंजाला जें करण्यास पन्नास वर्षें लागतात, तें कांचकागद एका दुपारीं करतो. म्हणून जुन्या शस्त्राची निगा राखूं इच्छिणाऱ्यानें एक सूत्र ध्यानांत धरावें: गंज काढावा, लोखंड काढूं नये, आणि कोठें थांबावें हें ठाऊक नसेल, तर आरंभच करूं नये.

परंतु गंजाकडे वळण्यापूर्वीं एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो जिवाचा आहे. ही बंदूक भरलेली तर नाहीं? ठासणीची बंदूक भरून ठेविली असेल, तर बाहेरून तें कळत नाहीं. दारू, बोळा आणि गोळी हीं सारीं नळीच्या तळाशीं दडलेलीं असतात. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचें मिश्रण. तें कोरडें राहिलें, तर शंभर-दीडशें वर्षांनींहि पेट घेतें. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत २००८ सालीं एक अनुभवी संग्राहक तेथील यादवी युद्धांतला एक तोफेचा गोळा दुरुस्त करीत असतां तो फुटला आणि त्या गृहस्थाचा अंत झाला. तें युद्ध १८६५ सालीं संपलें होतें. गोळ्यांतील दारूला मात्र तें कोणीं सांगितलें नव्हतें.

ठासणीच्या बंदुकीची परीक्षा करण्याची रीत सोपी आहे. नळीचें तोंड माणसांपासून दूर वळवावें, आपला चेहरा व हात त्या रोखांत येऊं देऊं नयेत, जवळपास दिवा अगर विडी असूं नये. मग एक लांकडी गज हलकेच आंत सोडावा आणि तो टेकेल तेव्हां नळीच्या तोंडाशीं त्याच्यावर खूण करावी. तोच गज बाहेर काढून, खूण तोंडाशीं जुळवून, नळीच्या अंगाला बाहेरून लावून पहावा. त्याचें टोक बंदुकीच्या कानापर्यंत, म्हणजे जेथून ठिणगी आंत जाते त्या छिद्रापर्यंत, पोंचलें तर नळी रिकामी असण्याचा संभव आहे. तें दोन-तीन बोटें अलीकडेच थांबलें, तर आंत कांहींतरी आहे असेंच समजावें. तें काय आहे याचा शोध घरांत घेऊं नये. उकरूं नये, ठोकूं नये, तापवूं नये. बंदूक आहे तेथेंच ठेवून पोलिसांस अगर परवानाधारक कारागिरास कळवावें. काडतुसाच्या बंदुकीची वा रिव्हॉल्व्हरची परीक्षा तर जाणत्याकडूनच करून घ्यावी.

ही खात्री झाली म्हणजे मग गंजाचा विचार. लोखंड, हवेंतील प्राणवायु आणि पाणी हे तिघे एकत्र आले कीं गंज जन्मतो. तो मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापतो. म्हणूनच त्याचे पापुद्रे सुटतात, त्यांच्या फटींत पुन्हां ओल शिरते आणि खालचें ताजें लोखंड उघडें पडतें. तथापि सगळा गंज एका जातीचा नसतो. नारिंगी, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो. तो खात असतो. उलट गर्द तपकिरी किंवा काळसर, घट्ट आणि गुळगुळीत असा जो थर जुन्या नळीवर दिसतो, तो बहुधा स्थिरावलेला असतो व आंतल्या धातूचें कांहींसें रक्षणहि करतो. पूर्वीचे बंदूक-कारागीर तर असा थर मुद्दाम आणीत. नळीला औषध लावून ती गंजूं द्यावयाची, उकळत्या पाण्यांत बुडवून तांबडा गंज काळा करावयाचा, वरची भुकटी घासून टाकावयाची, आणि हें पुष्कळ वेळां करावयाचें, अशी ती रीत होती. हा थर मळ समजून घासून काढणें म्हणजे जुन्या चित्रावरील रंग धूळ म्हणून पुसण्यासारखें आहे.

जिवंत गंज ओळखण्यास एक साधा उपाय आहे. बंदूक पांढऱ्या कागदावर कांहीं दिवस कोरड्या जागीं ठेवावी. कागदावर नारिंगी भुकटी पडली, तर रोग चालू आहे; कागद स्वच्छ राहिला, तर सहसा हात लावण्याचें कारण नाहीं.

या रोगाचें मूळ पुष्कळदां मिठांत असतें. काळी दारू जळली म्हणजे तिचा सगळा धूर होतो असें वाटतें. प्रत्यक्षांत तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो. हे बहुतेक पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेंतील ओल ओढून घेतात. पुढें ज्या टोप्या व काडतुसें आलीं, त्यांपैकीं पुष्कळांच्या मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळल्यावर जो क्षार उरतो, तो स्वयंपाकघरांतील मिठाचाच भाऊ होय. गंमत अशी कीं हे क्षार तेलांत विरघळत नाहींत; पाण्यांत विरघळतात. म्हणून नुसतें तेल ओतून नळी स्वच्छ झाली असें मानणारा मनुष्य मिठावर झांकण घालीत असतो. ब्रिटिश सैन्यांत बार काढल्यानंतर नळींत नरसाळ्यानें उकळतें पाणी ओतण्याची रीत होती. गरम झालेली नळी आपोआप लवकर वाळे. मग तिला तेल दिलें जाई. क्षार आधीं पाण्यानें घालवावयाचा, पाणी कोरड्या चिंधीनें टिपावयाचें, आणि शेवटीं तेलानें ओलीला दार बंद करावयाचें, हा क्रम आजहि खरा आहे. परंतु तो नुकत्याच उडविलेल्या बंदुकीसाठीं. कुंद्यांत जखडलेल्या जुन्या नळींत पाणी ओतूं नये. तें लांकडांत मुरतें आणि आंतून गंज आणतें.

आतां सफाईनें जातें काय, तें पहावें. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर कंपनीचें हृदयाकृति व्यापारचिन्ह असे. पुढें १८०८ पासून चापाच्या पट्टीवर उभा सिंह येऊं लागला. विलायती नळ्यांवर परीक्षेचे शिक्के असतात. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास १६३७ सालीं सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालचें. अशा एका पुसट शिक्क्यावरून बंदूक कोठली व साधारण कोणत्या काळची हें जाणत्यास सांगतां येतें. देशी तोड्याच्या बंदुकांचें वैभव तर याहून नाजूक असतें. कित्येक नळ्या निरनिराळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून व ठोकून केलेल्या असतात. त्यांच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते, ती घासल्यानें मावळते. कोफ्तगिरीचें सोनें लोखंडावर बारीक चरे पाडून त्यांत ठोकून बसविलेलें असतें. त्याची जाडी ती किती? कांचकागदाचे चार हात फिरले कीं सोनें विटेच्या भुकटीबरोबर फडक्यावर येतें, आणि तें पुन्हां नळीवर जात नाहीं.

म्हणून पहिलें काम म्हणजे नोंद. हात लावण्यापूर्वीं बंदुकीचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत, अक्षरें व शिक्के उतरून ठेवावेत. नंतर हातमोजे घालून, मऊ कोरड्या फडक्यानें व केसाळ कुंचल्यानें धूळ काढावी. जिवंत गंजाच्या डागावर खनिज तेलाचे थेंब देऊन तें मुरूं द्यावें. एका दिवसाची घाई दहा दिवसांच्या धीरानें टाळावी. सैल झालेला गंज बांबूच्या चपट्या काडीनें अगर हाडाच्या पट्टीनें उचलावा. एवढ्यानें न निघाल्यास अत्यंत बारीक जातीचें स्टील-वूल तेलांत भिजवून, नक्षी व अक्षरें सोडून, हलक्या हातानें फिरवावें, आणि दर दोन मिनिटांनीं पुसून पहावें. खालचा काळसर थर दिसूं लागला कीं हात थांबवावा. पांढरें लोखंड दिसलें, तर मर्यादा ओलांडली असें समजावें.

चिंच, लिंबू, आमसूल हीं पितळेच्या भांड्यांसाठीं ठीक. बंदुकीला तीं लावूं नयेत. आम्ल गंजाबरोबर धातूलाहि खातें, आणि फटींत राहिलेला अंश नव्या गंजाचें बीज होतो. संग्रहालयांतील तज्ज्ञ मात्र कधीं कधीं टॅनिक आम्ल वापरतात. तें गंजाशीं संयोग पावून निळसर-काळा स्थिर थर बनवितें. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे याच तत्त्वावर होत असे. पण तें काम प्रयोगशाळेचें, माजघराचें नव्हे.

स्क्रू हा जुन्या बंदुकीचा आणखी एक मर्मभाग. हातानें घडविलेला प्रत्येक स्क्रू आपापल्याच छिद्रांत बसतो, आणि त्याची खांच एकदां बिघडली कीं ती कायमची. खांचेंत अचूक बसणारा पेचकस नसेल, तर तो फिरवूं नये. आंतील वाकडी स्प्रिंगहि अडाणी हातांत मोडते. घोडा अगर चाप अडला असेल, तर बळ न करतां तेलाचा एक थेंब देऊन वाट पहावी.

वंगणाचें महत्त्व हिंदुस्थानच्या इतिहासास चांगलेंच ठाऊक आहे. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलींतील आंट्यांतून गोळी सुलभ सरकावी व दारूचा मळ चिकटूं नये म्हणून काडतुसाला चरबी लावीत. तीच चरबी गाईची व डुकराची असल्याच्या समजानें १८५७ सालीं केवढा वणवा पेटला, तें सांगावयास नको. घरच्या बंदुकीचा प्रश्न तेवढा उग्र नाहीं. पण तेथेंहि वंगण कोणतें, हा प्रश्न आहेच. तिळाचें तेल, जवसाचें तेल हीं हवेनें घट्ट होऊन चिकट बनतात. त्यांवर धूळ बसते, धूळ ओल धरते आणि चापाचीं अंगें जखडतात. पातळ खनिज तेल उत्तम, आणि तेंहि फडक्यानें पुसून उरेल इतकेंच. अधिक तेल कुंद्यांत झिरपून लांकूड काळें व भुसभुशीत करतें. जी बंदूक केवळ जतन करावयाची आहे, तिच्यासाठीं तेलापेक्षां मेण बरें. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें १९५० च्या दशकांत अशा कामासाठीं सूक्ष्मस्फटिकी खनिज मेणाचें मिश्रण सिद्ध झालें. अनेक संग्रहालयें तें वापरतात. त्याचा पातळ हात धातूवर बोटांचा घाम व हवेची ओल बसूं देत नाहीं.

शेवटचा प्रश्न जागेचा. कोंकणांत, मुंबईंत आणि गोव्यांत पावसाळ्याची हवा ओलीनें भरलेली असते, आणि समुद्राकडून ती मीठ घेऊन येते. तेथें बंदूक बाहेरच्या भिंतीवर टांगूं नये. चामड्याच्या म्यानांत अगर लोकरी कापडांत गुंडाळूनहि ठेवूं नये. दोन्हीं ओल धरतात. कोरड्या कपाटांत, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, हवेची आर्द्रता शेंकडा पन्नासच्या आसपास राखावी. त्याहून फार कोरडी हवा लोखंडाला मानवते, पण कुंद्याचें लांकूड तडकतें. पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां नुसतें पहावें. पूजा करावयाची, तर शस्त्राखालीं पाट व वस्त्र असावें, अक्षता व फुलें पाटावर वहावींत, पाणी शस्त्रावर शिंपडूं नये. आणि संध्याकाळीं कोरड्या फडक्यानें पुसूनच तें जागेवर जावें.

कायद्याचीहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भारतांतील १९५९ च्या शस्त्र-कायद्यानें कालबाह्य घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें किंवा मोडकें असें जें हत्यार दुरुस्त करूनहि बंदूक म्हणून वापरतां येणार नाहीं, त्यालाच सूट दिली आहे. चालूं शकणारी ठासणीची बंदूक परवान्यावांचून ठेवणें हा गुन्हा होय. म्हणून कागदपत्रें आधीं तपासावींत, मग तेलाची बाटली उघडावी. आणि नळी कितीहि स्वच्छ दिसली, तरी तिच्यांतून बार काढण्याचा मोह सर्वस्वीं टाळावा. आंतून गंजानें पोखरलेली नळी उडविणाऱ्याच्या हातांतच फाटते.

जुनी बंदूक ही आतां लढाईसाठीं नाहीं. ती कोणीं घडविली, कोणीं वाहिली, कोणत्या हत्यारखान्यांतून कोणत्या घरीं आली, याची ती साक्षीदार आहे. साक्षीदाराचें तोंड धुवावें, पण त्याची जीभ कापूं नये. येत्या खंडेनवमीला ती बंदूक आरशासारखी चमकली नाहीं तरी चालेल. तिच्या काळसर अंगावरील चार अक्षरें नातवाला बोटानें चांचपून वाचतां आलीं, म्हणजे तिची पूजा यथासांग झाली असें समजावें.