पेन्शनमधला पैसेवाला कोण?



इस्लामिक फायनान्सचं नाव काढलं की आपल्याकडे कुणी घाबरतं, कुणी भारावतं. मी पेन्शनच्या खाजगीकरणावर संशोधन करते आणि त्याच वाटेने या विषयाकडे आले. माझा प्रश्न साधा आहे: म्हातारपणाच्या पैशाची जोखीम कुणी घ्यायची?

आधी आपल्या घरचं बघू. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत (सैन्यदलं सोडून) आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर महागाई भत्ता, हे गेलं. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यांचा तोच सातबारा होता. आरक्षणातून नोकरीला लागलेली पहिली पिढी निवृत्त होत होती, तेव्हाच तो कोरा झाला. आता पगारातून कापलेला पैसा बाजारात जातो. बाजार पडला तर खातं कर्मचाऱ्याचं घटतं. निधी सांभाळणाऱ्या कंपनीची फी मात्र चालूच राहते.

इस्लामिक फायनान्स व्याज नाकारतं. काहीच धोका न पत्करता सावकाराने ठरलेला परतावा वसूल करणं त्याला अन्यायाचं वाटतं. सावकारी भोगलेल्या आपल्या आजोबांना हे पटवून द्यावं लागलं नसतं! त्यात मुदारबा नावाचा करार आहे. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. तोटा झाला, तर पैसेवाल्याचा पैसा बुडतो आणि कष्ट करणाऱ्याचे कष्ट वाया जातात.

ऐकायला न्याय्य आहे. पण पेन्शनच्या व्यवहारात पैसेवाला कोण? शिपाई, नर्स, गिरणीतला कामगार.

मलेशियात १९५१ पासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी आहे. जानेवारी २०१७ पासून तिथे शरियानुसार बचतीचा पर्याय मिळतो. साध्या खात्याला कायद्याने वर्षाला किमान २.५ टक्के लाभांशाची हमी आहे. शरिया खात्याला ती नाही, कारण आधी ठरवलेला परतावा व्याजात जमा होतो. सावकाराला आवरणारा नियम इथे कामगाराच्या हमीवर चालला, असं मला वाटतं. श्रद्धेने तो पर्याय घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. मजुरी करून जमवलेली पुंजी आणि सावकाराचं भांडवल एकाच मापाने मोजणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे.

आणि मलेशियाला हसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे हमी काढायला धर्माचं नावही घ्यावं लागलं नाही.

१ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन हवी, तर २५ वर्षं सेवा भरावी लागते. ठेक्यावरच्या सफाई कामगाराची सेवा या हिशेबात धरलीच जात नाही. जुन्या पेन्शनमध्येही तो नव्हता. माझ्या पुढच्या मुलाखती त्यांच्याशीच आहेत.