डब्याची चूल आपण मोजून घेऊ
(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज दाव्यांचं बोलणं आहेच, पण आधी चुलीचं बोलू. कारण चूलपण आता जंगलाच्या भांडणात आली आहे. बाई मोळी घेऊन उतरली की तिला अडवतात, म्हणतात तुमच्या चुलीनं जंगल संपलं. ट्रक भरून साग गेला त्याचं कोण बोलत नाही. मग कोणीतरी डब्याची चूल घेऊन येतो, निम्मं लाकूड वाचेल म्हणतो आणि ठरावावर सह्या मागतो. निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं? म्हणून आम्ही पोरापोरींनी तसलीच चूल केली आणि मोजायला बसलो.

तेलाचा मोठा डबा, त्याच्या आत लहान डबा. आतल्याच्या बुडाला भोकं आणि वरच्या काठाखाली भोकांची ओळ. बोटाएवढे सुके तुकडे भरायचे आणि आग वरून लावायची. वरच्या आगीनं खालचं लाकूड तापतं, त्यातून जळणारा वायू निघतो. दोन डब्यांमधून तापलेली हवा वरच्या भोकांतून येते आणि तो वायू जळतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात मोटारी लाकडाच्या गॅसवर चालत होत्या. तत्त्व तेच.

मोजायचं असं. भांडं एकच, झाकण नको, पाणी मापून, लाकूड एकाच ढिगातलं आणि तराजूवर तोललेलं. दर चुलीवर तीन वेळा करायचं, एकदा करून काय कळत नाही. समजा 5 लिटर पाणी 25 अंशांवरून उकळलं, तर 375 किलोकॅलरी लागल्या. त्यातलं 1 लिटर वाफ होऊन गेलं, त्याचे आणखी 540. झाले 915. सुक्या लाकडाच्या किलोत साधारण 4,000 असतात. किलोभर जाळलं असेल तर शंभरातले 23 भाग भांड्यात गेले. उघड्यावरच्या तीन दगडांत बहुतेक 10 ते 15 जातात.

डब्यात लाकूड कमी लागलं, धूरही कमी. हे खरं आहे, लपवायचं नाही. पण तीन दगडांना पत्र्याचा आडोसा केला तर तिथंही लाकूड वाचलं, आणि त्याला पैसा लागला नाही. ओलं लाकूड घातलं की डबा नुसता धुमसतो. मध्ये लाकूड घालता येत नाही. भात होतो, पण घरभराच्या नागलीच्या भाकरी एका भरण्यात होत नाहीत. आणि तुकडे करायचे कोणी? ते काम परत बाईच्याच हातावर येतं, त्याचा हिशोब कोण धरत नाही.

शेवटी कोळसा उरतो. किलोभर कोळशात साधारण 7,000 किलोकॅलरी असतात. चूलवाले तेवढी उष्णता वाचली असं धरून आकडा फुगवतात का, ते विचारा. कोळसा वापरणार असाल तर धरा. राखेत टाकणार असाल तर ते लाकूड गेलंच. आणि धगधगता कोळसा बंद खोलीत ठेवायचा नाही. त्या वायूला वास नाही, झोपेतच माणूस जातो.

चूल नको असं आम्ही म्हणत नाही. ज्या घराला पटेल त्यानं घ्यावी. पण चूल घेतली म्हणून सरपणाचा हक्क सोडला, असं ठरावात कुठं लिहिलं असेल तर अंगठा द्यायचा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात निस्ताराचा हक्क लिहिलेला आहे, तो डब्याच्या बदल्यात द्यायचा नाही.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शाळेमागं परत मोजणार आहोत. आपापल्या घरचं सरपण घेऊन या. तराजू आम्ही आणतो.