काळोख काळाच दिसू द्या



तात्या विंचू कोण, हे मी सांगत बसणार नाही. आमच्या वडगाव रासाईत, भीमेच्या अलीकडे शिरूर तालुक्यात काय आणि पलीकडे दौंड तालुक्यात काय, पाळण्यातलं पोर सोडलं तर हे नाव ठाऊक नसलेला माणूस मिळायचा नाही. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' 1993 साली आला. वीस वर्षांनी, 2013 मध्ये, 'झपाटलेला 2' आला. बाहुल्यात अडकलेला तोच गुंड, तोच सूड, फक्त या खेपेला गाठ पहिल्या भागातल्या लक्ष्याच्या मुलाशी. मला आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या भागाविषयी. कथेविषयी नाही, अभिनयाविषयीही नाही. तो आपण घरी कोणत्या प्रतीतून पाहतो, त्या प्रतीत रात्र रात्रीसारखी दिसते का, एवढंच.

विषय किरकोळ वाटेल. पण मराठी सिनेमा थिएटरात राहतो किती? चालला तर काही आठवडे, नाही चालला तर शुक्रवार ते गुरुवार. त्याचं उरलेलं सगळं आयुष्य घरात जातं. आधी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर गेलं, मग व्हीसीडी आणि डीव्हीडीवर, आता मोबाइलवर जातंय. आज जी पोरं 'दुसऱ्या भागात मजा नाही, भीतीच वाटत नाही' असं म्हणतात, त्यांतल्या किती जणांनी तो थिएटरात पाहिलाय? त्यांनी पाहिलीय ती प्रत. निकाल मात्र सिनेमाच्या नावावर लागतो.

आता मुद्द्यावर येतो. कमी पैशात भुताचा सिनेमा करणाऱ्याचं खरं भांडवल काळोख असतं. ज्याच्याकडे पैसा आहे तो अख्खा राक्षस उभा करून दाखवतो. ज्याच्याकडे नाही तो दाराची फट दाखवतो, जिन्याचा कोपरा दाखवतो, आणि बाकीचं तुमच्या मनावर सोडतो. तात्या विंचू तर बोलून चालून बाहुला. रामदास पाध्ये यांच्या घराण्यातली ती कला. बाहुला हलतो म्हणजे कुठेतरी हलवणारा हात आहे, आणि तो हात लपवायला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली जागा म्हणजे काळोख. तो काळोख उजळला की हात उघडा पडतो, भिंतीचा रंग उघडा पडतो, कापडाची शिवण दिसते. मग भीती कुठून वाटणार? म्हणून म्हणतो, काळोख काळाच दिसला पाहिजे. हे वाक्य मी पुन्हा म्हणेन. आपल्याकडे लोक चित्र 'क्लियर' आहे का एवढंच विचारतात, काळं काळं आहे का हे कोणी विचारत नाही.

आमचा भाग उसाचा. नदी ओलांडून दौंडच्या बाजूला गेलं की गुऱ्हाळांचा धूर लागतो. गूळ कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. काहिलीत रस उकळतो, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते, गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. मळी काढलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. जुन्या फिल्मवरचे ओरखडे, धूळ, केस, डाग ही मळी. प्रत तयार करणाऱ्याने ती काढावी. पण पुढे काय होतं? बाजारात पिवळाधमक गूळ लागतो. चांगला, कसदार गूळ मुळात तांबूस, काळपट असतो. गिऱ्हाईक म्हणतं, हा काळा का? मग हायड्रॉसची पावडर पडते आणि गूळ सोन्यासारखा दिसायला लागतो. डोळ्याला बरा, पोटाला वाईट. सिनेमाच्या प्रतीचं नेमकं हेच होतं. गिऱ्हाईक म्हणतं, काही दिसत नाही. मग प्रत काढणारा रात्रीचे प्रसंग उजळ करतो. काळं होतं ते राखाडी होतं, राखाडी होतं ते पांढुरकं होतं, आणि मध्यरात्रीचा वाडा दुपारच्या सावलीतला वाटायला लागतो. तो हायड्रॉसचा गूळ आहे, श्रोतेहो. पिवळा दिसला म्हणून चांगला नव्हे.

गुळाचंच अजून थोडं. चांगल्या गुळाला रवा असतो. ढेप फोडली की कण चमकतात. फिल्मलाही कण असतात. चित्र मुळात चांदीच्या क्षारांच्या कणांतून उमटतं, म्हणून पडद्यावर बारीक थरथर दिसते. ती घाण नाही, तो त्या चित्राचा रवा आहे. हल्ली यंत्रात घालून ती थरथर पुसून काढतात. मग नटांचे चेहरे मेणाचे दिसतात, दगडी भिंत मऊ दिसते. मळी आणि रवा यांतला फरक ज्याला कळत नाही त्याला आपण काहिलीजवळ उभं करत नाही. सिनेमाजवळ मात्र करतो.

आता थोडे आकडे. व्हीसीडीवर चित्राचे ठिपके किती? आडवे 352, उभे 288. म्हणजे जेमतेम एक लाख. डीव्हीडीवर 720 गुणिले 576, साधारण चार लाख. ब्ल्यू-रेवर वीस लाखांच्या वर. पण खरी मेख ठिपक्यांत नाही, दर सेकंदाला किती माहिती वाहते त्यात आहे. व्हीसीडीवर चित्राला सेकंदाला साधारण साडेअकरा लाख बिट मिळतात. डीव्हीडीवर त्याच्या आठपट मिळू शकतात. माहिती कमी पडली की यंत्र कुठे काटकसर करतं? जिथे डोळ्याला लवकर कळणार नाही असं त्याला वाटतं तिथे, म्हणजे काळोखात. उन्हातलं गाणं त्यातल्या त्यात बरं राहतं. पण रात्रीच्या खोलीत कोपऱ्यावर चौकोनी ठोकळे नाचायला लागतात, आणि अंधाराच्या हलक्या छटांच्या जागी जिन्यासारखे पट्टे पडतात. विनोदी कौटुंबिक सिनेमाला व्हीसीडीने जेवढं मारलं नसेल तेवढं भुताच्या सिनेमाला मारलं. त्यात जत्रेत मिळायची ती तीन सिनेमांची एक डीव्हीडी. चकतीची जागा 4.7 जीबी. त्यात तीन सिनेमे कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड जीबी. एका काहिलीत तीन काहिलींचा रस ओतल्यावर काय राहणार?

आणि चित्राच्या कडांचं तर विचारूच नका. 'धडाकेबाज' हा 1990 चा सिनेमा मराठीतला पहिला सिनेमास्कोप मानला जातो. एवढं रुंद चित्र जुन्या चौकोनी टीव्हीत बसवायला दोन्ही बाजू कापायच्या, वर कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह ठोकायचं, खालून दुसऱ्या सिनेमाची जाहिरात पळवायची. पण यावर बोलत बसलो तर वेळ इथेच संपेल.

'झपाटलेला 2' ची गोष्ट आणखी वेगळी आहे, ती नीट ऐका. हा मराठीतला पहिला थ्रीडी सिनेमा. थ्रीडीचा चष्मा डोळ्याला लावला की पडद्यावरचा निम्म्याहून जास्त उजेड तो चष्माच खातो. म्हणून थ्रीडी सिनेमाचं चित्र पुष्कळदा मुद्दाम उजळ ठेवतात, म्हणजे चष्म्यातून ते योग्य दिसेल. आता घरी चष्मा नाही. थ्रीडी टीव्ही मोठ्या कंपन्यांनी 2017 च्या सुमारास बनवणंच थांबवलं, आणि आपल्याकडे ते आले होते तरी किती घरांत? म्हणजे थ्रीडी सिनेमा घरी सपाटच बघायचा. तो सपाट करताना थिएटरच्या थ्रीडीसाठी उजळ केलेलंच चित्र घेतलं, तर रात्र गेली. त्यासाठी वेगळा रंगमेळ बसवावा लागतो, प्रत्येक प्रसंगाचा काळा पुन्हा ठरवावा लागतो. त्याला पैसा लागतो, माणूस लागतो, दिवस लागतात. छोट्या सिनेमाच्या बाबतीत ही मेहनत कोणी घ्यायची? निर्माता पुढच्या सिनेमात असतो, वितरकाला चकतीतून सुटणारा पैसा थोडा, आणि आपण प्रेक्षक मागतच नाही. तुमच्या घरात जी प्रत असेल तिच्यात रात्रीचा एखादा प्रसंग लावून बघा. बाहुल्याच्या मागची जागा काळी आहे की राखाडी, एवढंच पाहा.

आवाजाचंही सांगतो. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. पाल पद्धतीच्या टीव्हीला 25 लागतात. पुष्कळ डीव्हीड्यांत सरळ वेग वाढवून टाकतात. शंभर मिनिटांचा सिनेमा शहाण्णव मिनिटांत संपतो आणि प्रत्येकाचा आवाज किंचित वर चढतो. दुसऱ्या सिनेमात चालून जाईल. पण तात्या विंचूचं अर्धं भय दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात आहे. तो आवाज त्यांनी कुठे ठेवायचा, किती खरखरीत करायचा, हे विचार करून ठरवलेलं असणार. तो परस्पर चढवायचा अधिकार चकतीवाल्याला कोणी दिला?

परदेशात या बाबतीत काय चालतं ते पाहा. आपल्याकडच्या रॅमसे बंधूंचे भुताचे हिंदी सिनेमे तुम्ही पाहिले असतील. 1972 चा 'दो गज जमीन के नीचे', त्याचं चित्रीकरण आपल्या महाबळेश्वरात झालं. मेलेला नवरा बायकोचा सूड घ्यायला परत येतो, अगदी थोडक्या पैशातला सिनेमा. छायाचित्रण गंगू रॅमसे यांचं. धूर, निळा-लाल उजेड आणि काळोख, एवढ्यावर त्यांनी पुढची अनेक वर्षं लोकांना घाबरवलं. हे सिनेमे आपण कशातून पाहिले? घासून पांढऱ्या पडलेल्या व्हिडिओ कॅसेटींतून. चांगल्या घरची माणसं त्यांचं नावही घेत नसत. आणि मोंडो मकाब्रो नावाच्या एका छोट्या परदेशी कंपनीने 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाजा' असे सहा सिनेमे ब्ल्यू-रेवर आणले. काळोख काळा, रंग रंगासारखा. इतक्या वर्षांनी गंगू रॅमसेंचं काम लोकांना दिसलं. ते 2024 मध्ये गेले. ज्याला आपण टुकार म्हणत होतो त्यातलं निम्मं टुकारपण आपल्या कॅसेटीचं होतं.

मग मराठीचं काय? इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1993 चा पहिला भाग फिल्मवर आहे. त्याची निगेटिव्ह जर नीट राहिली असेल, तर आजच्या यंत्रावर ती स्कॅन करून पूर्वी कुणीही घरी पाहिली नाही अशी प्रत निघू शकते. 2013 चा भाग डिजिटल जमान्यातला. तो जेवढ्या ठिपक्यांत बनला तेवढ्याच ठिपक्यांत राहणार, त्यात नवं काही सापडायचं नाही. शिवाय तो फायलींत आहे. फाइल हार्ड डिस्कवर, आणि हार्ड डिस्क काही वर्षांत बंद पडते. निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी असेल तर पन्नास वर्षं थांबते. फाइल थांबत नाही. ती दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घ्यावी लागते. म्हणजे नवा सिनेमा जुन्यापेक्षा आधी हरवू शकतो. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, त्याचे थोडेच तुकडे उरले. 'आलम आरा' 1931 चा, तो अख्खा गेला. ते फार जुने होते असं म्हणून आपण सोडून देतो. दहाबारा वर्षांपूर्वीच्या सिनेमाबद्दल तसं म्हणता येईल का? असा सिनेमा हरवला तर त्याला कारण फक्त हयगय, आणि त्यावर बरंच बोलायचं होतं, पण घड्याळ पुढे गेलंय.

घरी काय करता येईल ते भराभर सांगतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' असतं ते काढा, 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' लावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसतो. भुताचा सिनेमा ट्यूबलाइट लावून बघू नका. पोरं घाबरतील म्हणून दिवा लावायचा असेल तर तो टीव्हीच्या मागे ठेवा. चित्रातलं काळं राखाडी दिसत असेल तर प्लेअर आणि टीव्ही यांच्या काळ्याची पातळी जुळत नाही, त्यासाठी एक सेटिंग असतं, ते कोणाकडून तरी समजून घ्या. आणि मोबाइलवर पाहायचंच असेल तर निदान उन्हात, बांधावर बसून पाहू नका. काळोख काळाच दिसला पाहिजे, हे मी आता शेवटचं म्हणतो.

एक विनंती. आपल्या शिरूर, दौंड भागात जत्रेजत्रेतून तंबूत सिनेमे दाखवणारी मंडळी होऊन गेली. त्यांच्या घरांत, माळ्यावर, गोठ्याच्या बाजूच्या खोलीत अजून रिळांचे डबे पडलेले असतील. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागलीय असं समजा. तो डबा भंगारात देऊ नका, उन्हात ठेवू नका, दुसऱ्या चांगल्या डब्यांजवळही ठेवू नका, कारण तो वास शेजारच्या रिळालाही लागतो. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासूनचं. पी. के. नायर यांनी ते उभं केलं, देशभर फिरून अशीच रिळं गोळा करून. तिथे कळवा. सिनेमा भुताचा आहे, हलका आहे, म्हणून लाजू नका. आणि निर्मात्यांना माझं सांगणं, ज्यांचा सिनेमा रात्री घडतो त्यांनी घरची प्रत बाहेर जाण्याआधी स्वतः एकदा अंधाऱ्या खोलीत बसून ती पाहावी, आणि रात्र रात्रीसारखी दिसत नसेल तर त्या प्रतीवर सही करू नये.