ग्रॅनाइट आणि थोडासा फ्लोरीन



ग्रॅनाइटचा ताजा फुटलेला तुकडा हातीं घेतला, तर कांचेसारखी गारगोटी, फिकट फेल्स्पार आणि चमकणारें अभ्रक हीं तिन्ही साध्या डोळ्यांनीं ओळखतां येतात. हा पाषाण शिलारस निवून झाला, असें जेम्स हटन यानें अठराव्या शतकांत प्रतिपादिलें. मात्र भूगर्भांतील घडामोडींची परीक्षा मुशींत करावी, हें त्या थोर पुरुषास पसंत नव्हतें. त्याचा मित्र सर जेम्स हॉल यानें खडक वितळविण्याचे आपले प्रयोग विद्वानांपुढें मांडले ते हटनच्या मृत्यूनंतर, १७९८ सालीं!

टटल व बोवेन यांचा ग्रॅनाइटवरील प्रयोगग्रंथ १९५८ मध्यें निघाला. बोवेन तो पाहावयास उरला नव्हता. पाण्याच्या दाबाखालीं जो रस सर्वांत कमी तपमानापर्यंत द्रव राहतो, त्याच्याच घडणीशीं निसर्गांतील पुष्कळ ग्रॅनाइट जुळतात, हें त्यांनीं दाखविलें. पण त्या रसांत फ्लोरीन असला तर? हा प्रश्न मॅनिंग यानें १९८१ मध्यें हातीं घेतला.

असल्या प्रयोगांत घटकांची पूड पाण्यासह धातूच्या बारीक नळींत बंद करतात, ती प्रचंड दाबाखालीं एकाच तपमानांत दिवसच्या दिवस ठेवतात आणि मग एकदम निववितात. द्रव होता त्याची कांच होते, स्फटिक जसेच्या तसे राहतात. पुढचें काम सूक्ष्मदर्शकाचें. मॅनिंगनें दाब ठेवला हवेच्या सुमारें हजारपट. फ्लोरीन नसतां रस ७३० अंश सेंटिग्रेडपर्यंत द्रव राहिला. शेंकडा ४ फ्लोरीन असतां ती मर्यादा ६३० वर उतरली. मला त्याहून महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं गारगोटी आधीं गोठूं लागली आणि उरलेला रस सोडायुक्त फेल्स्पारकडे झुकला. फ्लोरीननें रस पातळही होतो. असल्या शेवटच्या रसांतच कथील, टंगस्टन, लिथियम हीं गोळा होतात. म्हणून खाणी शोधणाऱ्यांचें या नळ्यांकडे लक्ष असतें. ज्याच्या घडणींतच फ्लोरीन आहे तो पुष्कराजही अशाच ग्रॅनाइटांत आढळतो.

तथापि या प्रयोगांतील रसांत कॅल्शियम नव्हतें. निसर्गांत तें पुरेसें असेल, तर फ्लोरीनला फ्लोराइटच्या रूपानें अडकवून ठेवतें. शिवाय पाषाण निवतांना कांहीं फ्लोरीन पाण्याबरोबर निसटतो. दगडांत आज मोजलेलें प्रमाण मूळचें नव्हे. जर्मनींतील एरेनफ्रीडर्सडॉर्फ हें कथलाच्या खाणींचें गांव. तेथील गारगोटीच्या कणांत रसाचे सूक्ष्म थेंब अडकलेले सांपडले आहेत. संशोधक ते भट्टींत पुन्हा वितळवून त्यांची कांच करतात आणि फ्लोरीन मोजतात तो त्या कांचेंत.