चोखोबांच्या घरातले दोन दिलासे

देवावर श्रद्धा ठेवली की मनाला आधार मिळतो, मग ती खरी की खोटी याचा काथ्याकूट कशाला, असं आपण सर्रास ऐकतो. आधार मिळतो हे मला मनापासून मान्य आहे. इस्पितळाच्या व्हरांड्यात, मुलाची चप्पल मांडीवर धरून रात्रभर हरिपाठ पुटपुटणारी आई ज्यानं पाहिली आहे, तो हे नाकारणार नाही. पण तेवढ्यावर प्रश्न मिटतो का? मला चौदाव्या शतकातलं एक घर आठवतं आणि तो मिटत नाही.

मंगळवेढ्याच्या संत चोखोबांचं घर. मेलेली गुरं ओढायची आणि गाव सांगेल ती वेठ करायची, हे जातीनं, जन्मानं ठरलेलं. पंढरपूर जवळच, पण विठ्ठल दिसायचा तो देवळाबाहेरूनच. तरी हा माणूस त्या विठ्ठलाला घरात घेऊन आला. परंपरा सांगते, विठ्ठल त्यांच्याबरोबर ढोरं ओढायचा. त्यांच्या पत्नी सोयराबाईंचं बाळंतपण करायला तो नणंदेच्या रूपात आला. ज्याची सावलीही गावाला नको होती, त्याच्या घरी प्रत्यक्ष देव बाळंतिणीची उस्तवार करतोय! ही कल्पना ज्या घराला सुचली, त्या घराला किती बळ मिळालं असेल! याला भ्रम म्हणून मोडीत काढायला माझी जीभ धजत नाही.

पण चोखोबांच्याच नावावरच्या एका अभंगात दुसराही दिलासा आहे. मागच्या जन्मी आपल्या हातून कृष्णाची निंदा घडली, म्हणून या जातीत जन्म आला, असं ते सांगतात. कारण सापडलं की दुःख सोसवतं, हे खरंच. पण या दिलाशानं अपराध करणारे सुटले आणि ज्याच्यावर अपराध झाला तोच अपराधी ठरला.

हे त्यांच्या मुलाला, कर्ममेळ्याला, पटलं नाही. त्याच्या अभंगांत विठ्ठलाला रोखठोक विचारणा आहे. आमच्या वाट्याला उष्टं अन्न का, आणि आम्ही ते खातो याची तुला लाज कशी वाटत नाही? बापाच्या देवावरच त्याचा विश्वास होता, म्हणून तर तो त्याच्याशी भांडला. मला या घरातली सर्वांत जिवंत श्रद्धा त्या भांडणात दिसते. तिनं त्याला कसला आराम दिला असेल, असं वाटत नाही.

मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली १३३८ साली चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही बाहेरच. ते दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. गुरुजी स्वतः भाविक होते; त्यांचं भांडणही श्रद्धेतूनच आलेलं.

म्हणून कुणी श्रद्धेच्या दिलाशाची किंमत विचारली, तर मी आधी विचारते, कोणत्या दिलाशाची? कुणीतरी माझ्यासोबत आहे, हा दिलासा मी कुणाकडून काढून घेणार नाही. व्हरांड्यातल्या त्या आईला हरिपाठ म्हणू द्या, येत असेल तर तिच्या सुरात सूर मिळवा. पण तिच्याजवळ बसून ‘मागच्या जन्मीचं देणं असतं बाई’ असं कुणी म्हणू लागलं, तर त्याला तिथंच थांबवा.