हात, वार आणि मीटर



मोजमाप हा विषय रुक्ष खरा. तथापि सरकारी नोकरीच्या निमित्ताने प्रांतोप्रांती फिरणाऱ्या आम्हां मंडळींना तो टाळता येत नाही. नऊवारी खरेदी करताना किंवा गावाकडील जमिनीची वाटणी होताना तो दारात येऊन उभा राहतोच.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) कोष्टक आहे: २४ अंगुळांचा एक हात, ४ हातांचा एक दंड, २००० दंडांचा एक कोस. हात १८ इंचांचा धरला, तर कोस सुमारे ३.६६ किलोमीटर भरतो. मात्र ‘धरला तर’ हे शब्द विसरून चालणार नाही. कोष्टक पक्के होते; हात ज्याचा त्याचा होता.

१९५६ च्या कायद्याने आपल्या देशाने मीटर स्वीकारला आणि ही अनिश्चितता संपविण्याची सोय झाली. वार म्हणजे ०.९१४४ मीटर आणि फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. त्यामुळे नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. दुकानदाराने आठच मीटर फाडले, तर लुगडे वीतभर तोकडे पडते.

जमिनीच्या बाबतीत अधिक सावध राहिले पाहिजे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. क्षेत्रफळ काढताना ०.३०४८ ने एकदा नव्हे, दोनदा गुणावे लागते. तसे केल्यास गुंठा १०१.१७ चौरस मीटर भरतो. सात-बारावरील ‘आर’ मात्र नेमका १०० चौरस मीटरांचा. ‘गुंठा म्हणजेच आर’ असे म्हणून चाळीस गुंठ्यांचे चाळीस आर लिहिले, तर सुमारे ४७ चौरस मीटर जागा कागदावरून नाहीशी होते. तेवढ्यात लहानसे घर उभे राहील!

परप्रांतात याहून मोठा घोटाळा संभवतो. बंगालचा बिघा ८० हात लांब व ८० हात रुंद, म्हणजे १६०० चौरस वार. उत्तर प्रदेशातील एक प्रचलित पक्का बिघा ३३ इंची गजाने ६० गज लांब-रुंद, म्हणजे ३०२५ चौरस वार. नाव एकच, जमीन जवळजवळ दुप्पट! कारण मूळची लांबीच निराळी.

म्हणून आमची विनंती एवढीच, की आकडेमोडीला बसण्यापूर्वी माप कोठले, हे विचारावे. गावी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांकडून आपल्या जमिनीच्या चतुःसीमा लिहून घ्याव्यात, बाजूंची मापे फुटांत व मीटरांत अशी दोन्ही नोंदवावीत आणि मुलांना ती समजावून द्यावीत. ज्यांनी ते बांध पाहिलेलेच नाहीत, अशी आपली पुढची पिढी उद्या केवळ कागदावर विसंबणार आहे. तो कागद तिला बिनचूक मिळावा, हे पाहणे आपले कर्तव्य होय.